गायमुख घाट बंद असल्याचा फलक गायमुखलाच का?

ओवळेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण आठवडाभर मनात साठलंय ते एकदा लिहून काढतो.

माझे वडील आठवड्यातून तीन दिवस मीरा रोडला डायलिसिसला जातात. ठाण्यात का नाही, असं सगळेच विचारतात. सुरुवातीला सकाळची पाळी तिथेच मिळाली, आणि आता तिथल्या सिस्टरच्या हाताला त्यांची नस बरोबर सापडते, म्हणून हलवलं नाही. डाव्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी शस्त्रक्रियेने जोडून घेतलेली नस. तो हात मांडीवरच्या छोट्या उशीवर ठेवून ते मागच्या सीटवर बसतात. ओवळ्याहून पहाटेच्या वेळी पंचवीस-तीस मिनिटं लागतात. सातची पाळी, सहाला निघतो.

गेल्या शनिवारी वाटेतल्या, घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुख घाटात दुरुस्तीचं काम होतं. हे मला कळलं ते गायमुखच्या चौकीपाशी, पुढची गाडी थांबली तेव्हा. अवजड वाहनं पूर्ण बंद आणि हलकी वाहनं उलट्या बाजूने सोडायची, असं ठरलं होतं. पण रात्री कुठून तरी आत शिरलेला एक कंटेनर चढावर बंद पडला होता. उरलेल्या एकाच बाजूवर ठाण्याकडून जाणारे आणि घोडबंदरकडून येणारे समोरासमोर येऊन अडकले. डावीकडे डोंगर, उजवीकडे दुभाजक, मागे अर्ध्या तासात लागलेली रांग. वळवायची कुठे?

बाबांनी चपला काढल्या. पाय सुजले होते, पट्टा रुतत होता. ते काही बोलले नाहीत, फक्त दर थोड्या वेळाने किती वाजले विचारत होते. आम्ही पोचलो तेव्हा दहाला वीस मिनिटं कमी होती. मशीन पुढच्या पेशंटला दिलेलं होतं. दुपारी एकला जागा झाली आणि चार तासांऐवजी अडीच तास मिळाले.

काम करू नका, असं माझं अजिबात म्हणणं नाही. तो घाट दुरुस्त व्हायलाच हवा. माझं मागणं एवढंच आहे की फलक जिथे रस्ता बंद आहे तिथे नको, माणसाला जिथे अजून दुसरा रस्ता धरता येतो तिथे हवा. माजिवड्याला हवा, कापूरबावडीला हवा. आम्हा ओवळा-कासारवडवलीवाल्यांना तर आदल्या संध्याकाळी कळायला हवं, कारण आमच्यासाठी दुसरा रस्ता म्हणजे उलटं माजिवड्याला येऊन खारेगाव, माणकोली, अंजूरफाटा, कामण, चिंचोटी आणि मग महामार्गाने खाली. तो पहाटे सहाला सुचून उपयोगाचा नाही. आदल्या रात्री कळलं असतं तर मी बाबांना भाईंदरला ताईकडे झोपायला सोडलं असतं. इतकं साधं होतं ते.

तुमच्या भागात काय अनुभव आहे ते लिहा. पत्र देणार आहे, नुसती तक्रार करायची नाहीये.

माजिवडा रिक्षा

दादा, आधी सांगा वडील आता कसे आहेत?

मी बावीस वर्षं याच रस्त्यावर रिक्षा चालवतोय. फलक लावतात, पण कासारवडवलीच्या पुढे गेल्यावर. तिथे मेट्रोच्या कामाचे पत्रे होते तेव्हा वळायला फूटभर जागा नव्हती. आम्हाला कळतं ते समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याच्या हातावरून. तो हाताने खूण करतो, पुढे बंद. पण ती खूण गाडीवाल्याला समजत नाही.

ओवळेकर

आता बरे आहेत काका. सोमवारची पाळी पूर्ण चार तास झाली. विचारलंत, बरं वाटलं.

सिस्टर कळवा

मी याच कामात आहे म्हणून लिहिते. असा उशीर झाला किंवा पाळी अर्धी झाली तर पुढच्या पाळीपर्यंत पाणी मोजून द्या, आणि नारळपाणी, केळं, सुकामेवा अजिबात नको. पोटॅशियम चढतं ते बाहेरून दिसत नाही. दम लागला, छातीत धडधडलं तर पाळीची वाट न बघता जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. बाकी त्यांच्या डॉक्टरांना फोन करून विचाराच. गाडीत फाइल पुढच्या काचेपाशी ठेवत जा. चौकीवरच्या पोलिसांना डायलिसिसचा कागद दिसला की ते वाट काढून देतात, असा आमच्या बऱ्याच पेशंटचा अनुभव आहे.

नवा सभासद

मला एक कळत नाही. हे काम रात्री का करत नाहीत? रात्री अकरा ते पहाटे पाच करा, सकाळी रस्ता मोकळा.

गर्डर आणि सांधे

निवृत्त स्थापत्य अभियंता आहे, नोकरीची बरीच वर्षं पुलांच्या कामावर गेली. प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट सांगतो.

साधे खड्डे रात्रीत भरता येतात. पण चढाच्या रस्त्यावर अवजड गाडी पहिल्या गिअरमध्ये रेटत चढते आणि उतरताना ब्रेक दाबून उतरते. दोन्ही वेळी चाक डांबराचा थर पुढेमागे ओढत असतं. त्यात गायमुखला डोंगराचं पाणी रस्त्यावरून वाहतं, कारण त्याला वाहून जायला पुरेशी गटारं नाहीत. पाणी खडी आणि डांबर यांच्यामध्ये शिरलं की खडी सुटते. अशा ठिकाणी वरवर ठिगळ लावून भागत नाही, थर खरवडून काढून नवा टाकावा लागतो.

तिथे मास्टिक (डांबर आणि बारीक खडीचं घट्ट मिश्रण) टाकायचं ठरलं तर ते मास्टिक कुकरमध्ये पावणेदोनशे अंशांच्या वर तापवून, घोटून, ओतून पसरतात. त्यावर रोलर फिरत नाही. हाताने लाकडी पाट्याने सपाट करतात आणि चाक घसरू नये म्हणून वरून डांबर लावलेली खडी दाबतात. खालचा पृष्ठभाग कोरडाच हवा. थोडी ओल असली तरी वाफ होऊन फुगे येतात आणि पहिल्याच पावसात तो तुकडा उचलला जातो. हे निवल्याशिवाय वर गाडी घालता येत नाही. घाटाची एक बाजू सलग करायची तर दोन-तीन दिवस लागतातच. रोज पहाटे रस्ता खुला करायचा म्हटलं तर रोज एक नवा जोड तयार होतो, आणि रस्ता आधी जोडावर फुटतो.

पुलांचंही तसंच. पुलाचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, खांबावर थेट बसलेला नसतो, मध्ये बेअरिंग म्हणजे आधाराची गादी असते. ते बदलायचं तर जॅक लावून अख्खा गाळा काही मिलीमीटर उचलायचा. तेव्हा वरून ट्रक गेलेला चालत नाही. दोन गाळ्यांमधला सांधा बदलला की भोवतीच्या काँक्रीटला ताकद यायला वेळ द्यावा लागतो. कोपरीचा रेल्वेपूल आठवा. द्रुतगती महामार्ग आठ पदरी आणि मध्येच पूल चार पदरी, म्हणून रोज मुलुंडपर्यंत रांग. जानेवारी २०२१ मध्ये तिथे गर्डर (पुलाच्या लांब तुळया) चढवले ते रात्री, महामार्गाची वाहतूक थांबवून आणि रेल्वेचा ब्लॉक घेऊन. ती बंदी लोकांनी सोसली, कारण तारीख, वेळ आणि पर्यायी रस्ता आधी कळला होता. पूर्ण पूल फेब्रुवारी २०२३ मध्ये खुला झाला.

तेव्हा धागाकर्त्यांशी मी शंभर टक्के सहमत आहे. बंद ठेवणं हा कामाचा भाग आहे, आणि आधी सांगणं हाही त्याच कामाचा भाग आहे. आमच्या अंदाजपत्रकात फलक, बॅरिकेड, दिवे, झेंडेवाले यांची वेगळी बाब असते. ते कामाबरोबर करायलाच हवं.

नवा सभासद

धन्यवाद सर. वाफेचं माहीत नव्हतं.

विटाव्याची लेक

आमच्याकडे फलकाचाच नाही, पाण्याचाही प्रश्न आहे. विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली दर पावसाळ्यात पाणी साचतं, हे कळवा-ऐरोलीच्या प्रत्येकाला माहीत आहे. पण नव्याने राहायला आलेल्याला, बाहेरगावच्या माणसाला कसं कळणार? तो पाण्यात गाडी घालतो आणि बंद पडतो. मग त्याच्यामागे ठाणे-बेलापूर रस्ता अडतो.

माझा मुलगा सहावीत असताना शाळेची बस पुलाखालच्या पाण्यामागे अडीच तास उभी होती. मी छत्री घेऊन चालत गेले. बसच्या काचेवर आतून वाफ धरली होती आणि पोरांनी त्यावर बोटाने आपापली नावं लिहिली होती. ड्रायव्हरकाका शहाणे होते, त्यांनी पाण्यात बस घातली नाही. पण ते आधीच पटनीकडे थांबले असते तर पोरं ऐरोलीकडे वळवता आली असती. म्हणजे तुमचंच म्हणणं.

कळव्याचा ब्रिटिशकालीन पूल बंद झाला तेव्हाची वर्षंही आठवतात. सगळा भार एका पुलावर. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिसरा पूल सुरू झाला तेव्हा सासूबाई मुद्दाम रिक्षाने पुलावरून जाऊन आल्या.

ऐरोली सेक्टर पाच

२०१८ चा मुंब्रा बायपास कोणी विसरलं नसेल. मे महिन्यात बंद झाला तो सप्टेंबरात खुला झाला. उरण-जेएनपीटीकडून नाशिकला, भिवंडीला जाणारी सगळी अवजड वाहनं ऐरोलीतून. आमच्या इमारतीच्या काचा रात्रभर थरथरायच्या. आई रात्री उठून देवघरातली समई कडेवरून आत सरकवायची.

पण त्यातून एक शिकलो. बंदीची अधिसूचना निघते तेव्हा त्यात सगळं स्पष्ट लिहिलेलं असतं. कुठून प्रवेश बंद, पर्यायी मार्ग कोणता, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत, कोणत्या वाहनांना सूट. गायमुखच्या वेळीही मुंबई-ठाण्याकडून येणारी अवजड वाहनं वाय जंक्शन आणि कापूरबावडीला अडवून खारेगाव टोलनाका, माणकोली, अंजूरफाटा मार्गे पाठवतात, आणि गुजरातकडून येणाऱ्यांना चिंचोटी नाक्यावरून कामण, अंजूरफाट्याकडे वळवतात. कागद चांगला असतो. तो कागद रस्त्यावर उतरत नाही, एवढंच दुखणं आहे. पीडीएफ आपल्या मोबाइलवर फिरते, तीही बंदी सुरू झाल्यावर.

उरण-वापी

भाऊ, मी कंटेनर चालवत होतो, आता माझ्या दोन गाड्या आहेत. वर लिहिलंय की कंटेनर रात्री कुठून तरी आत शिरला. रागावू नका, पण त्या ड्रायव्हरची बाजू पण ऐका.

तो उरणला माल भरतो तेव्हा त्याला गायमुख बंद आहे हे सांगायला कोणी नसतं. तो बिहारचा असेल, राजस्थानचा असेल. मराठी फलक त्याला वाचता येत नाही. तो निघतो तेव्हा नेहमीचा रस्ता धरतो. ठाण्यात शिरायचे तास ठरलेले, ते चुकले तर दिवसभर रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. माणकोलीला, अंजूरफाट्याला उन्हात उभ्या गाड्या बघा कधी. पाणी नाही, संडास नाही. पोरगा केबिनमध्ये कांदा-भाकर खाऊन झोपतो, आणि झोपेत डिझेल चोरीला जातं ते वेगळं.

म्हणून मी म्हणतो, फलक मराठीत हवाच, पण खाली हिंदीत पण हवा, आणि ट्रकचं चित्र आणि त्यावर लाल फुली हवी. चित्र सगळ्यांना कळतं. आणि हा फलक खारेगावच्या अलीकडे हवा. एकदा गाडी घोडबंदर रोडला लागली की चाळीस फुटी गाडी वळवायला जागा कुठेच नाही. मग ड्रायव्हर घाबरतो, पुढेच जातो.

ओवळेकर

दादा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्या दिवशी मी त्या ड्रायव्हरला खूप बोललो होतो मनात. पत्रात तुमचा मुद्दा घालतो, चित्र आणि हिंदी दोन्ही.

माहेर टोकावडे

मी राहते कोलशेतला, माहेर मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याला. आमच्याकडे पावसाळ्यात रस्ता बंद होणं म्हणजे वर घाटात दरड आणि खाली रायत्याला उल्हास नदी. दोन्ही एकदम झालं की गाव मधल्या मध्ये अडकतं. २०२१ च्या जुलैतल्या पुरात रायत्याच्या पुलाचं नुकसान झालं आणि कल्याण-मुरबाड रस्ता तुटला. तेव्हा भावाची बायको आठव्या महिन्यात होती.

पण गावाकडे एक गोष्ट आहे. नदीला पाणी चढायला लागलं की रायत्याची माणसं मुरबाडच्या एसटी स्टँडवर फोन करतात, स्टँडवरून वरच्या गावांना कळतं. दूधवाला, वडापवाला, शाळेचे मास्तर, जो भेटेल तो पुढच्याला सांगतो. पूल बुडायच्या आधी दोन तास आमच्याकडे बातमी असते. वहिनीला त्या दिवशी सकाळीच कल्याणला आणली होती, ती त्या फोनमुळेच. इतक्या मोठ्या ठाण्यात तेवढंसुद्धा होऊ नये, याचं वाईट वाटतं.

गर्डर आणि सांधे

ताईंनी लिहिलं ते वाचून सावित्रीची आठवण झाली. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, दोन एसटी बस आणि काही खासगी गाड्या नदीत गेल्या. अंधारात मागून येणाऱ्या गाड्यांना पुढे पूल नाही हे दिसणार कसं? जवळच्या गॅरेजमधल्या एका माणसाने पावसात रस्त्यावर उभं राहून गाड्या थांबवल्या. त्याच्याकडे फलक नव्हता. त्यानंतर राज्यभर जुन्या पुलांची तपासणी झाली, कित्येक पूल बंद केले. सावित्रीवरचा नवा पूल मात्र १६५ दिवसांत उभा राहिला, जून २०१७ मध्ये खुला झाला.

आम्हा अभियंत्यांचं लक्ष नेहमी पूल किती दिवसांत उभा राहिला याकडे असतं. नोकरीत असताना एका कामावर मी स्वतः बॅरिकेड आणि दिव्यांचा खर्च कमी करून तो पैसा दुसरीकडे वळवायला संमती दिली होती. अपघात झाला नाही. पण ते चूकच होतं, आणि आज हा धागा वाचताना ते फार टोचतंय.

पातलीपाडा

सगळ्यांचं पटलं, पण एक विसरू नका. दर वर्षी तोच घाट, तीच दुरुस्ती, तीच बंदी. फलक चांगला लावला म्हणून मी दर वर्षी खूश व्हायचं का? गटारं करा, रुंद करा. दोन्ही बाजूंना वनखात्याची जमीन आहे, परवानगी लागते, हे कबूल. पण मग ती परवानगी कोण मागतंय, कुठवर आलीय, हेही त्या फलकावर लिहा. ठाणे-बोरिवली जुळा बोगदा जोडरस्त्यांसह ११.८ किलोमीटरचा होतोय, मेट्रो गायमुखपर्यंत येतेय, छानच आहे. पण कंटेनर काही मेट्रोने जाणार नाही. घाट राहणारच आहे.

ओवळेकर

बरोबर आहे. तो मुद्दा वेगळ्या पत्रात घेऊ. एकाच पत्रात दोन मागण्या घातल्या की मोठ्या मागणीच्या नावाखाली छोटी पण अडकून पडते. फलक उद्या लागू शकतो, गटाराला निविदा लागेल. तुम्ही लिहिणार का दुसरं? मी सही करतो.

पातलीपाडा

लिहितो. रविवारपर्यंत मसुदा टाकतो इथे.

१०८ नव्हे, खासगी रुग्णवाहिका

मी रुग्णवाहिका चालवतो. आमचा ग्रुप आहे, काशिमिरा ते भिवंडी सगळे चालक त्यात आहेत. घाट अडला की पाच मिनिटांत मेसेज पडतो. धागाकर्ते साहेब, तुमचा नंबर खासगी निरोपातून द्या, तुम्हाला घेतो ग्रुपात. पहाटे साडेपाचला एकदा बघून निघत जा. सायरन असूनही घाटात आम्ही अडकतो, कारण समोरच्याला बाजूला व्हायची इच्छा असते पण जागा नसते. त्यामुळे आम्ही निघायच्या आधीच विचारतो.

ओवळेकर

नंबर पाठवला. मनापासून आभार.

पत्र आज दिलं. तीन जागा लिहून दिल्या आहेत: खारेगावच्या अलीकडे, माजिवड्याला पूल चढायच्या आधी, आणि मानपाड्याला. घोडबंदरच्या बाजूने येणाऱ्यांसाठी फाउंटन हॉटेलच्या अलीकडे एक. चित्र, हिंदी, तारीख, तास, हलक्या वाहनांसाठी काय सोय, आणि चौकीचा फोन. फलक दोन दिवस आधी लागावा, अशी विनंती. ज्यांनी पत्र घेतलं त्यांनी उभ्याउभ्याच पूर्ण वाचलं आणि म्हणाले, येत्या शनिवार-रविवारी दुसऱ्या बाजूचं काम आहे, बघतो.

माजिवडा रिक्षा

दादा, शुक्रवार संध्याकाळ, सहा वाजलेत. माजिवड्याला फलक लागला. पिवळा आहे, लांबून दिसतो. ट्रकचं चित्र आहे, लाल फुली आहे. तारीख आणि वेळ आहे. हलक्या वाहनांचं काही लिहिलेलं नाही. चौकीचा फोनही नाही. मानपाड्याला अजून काही नाही, आत्ताच भाडं सोडून आलो.

उरण-वापी

खारेगावला पण लागला. माझी एक गाडी तिथूनच माणकोलीकडे वळली. ड्रायव्हरचा फोन आला होता.

ओवळेकर

वाचून फार बरं वाटलं. हलक्या वाहनांची ओळ आणि फोन नंबर मागायला सोमवारी परत जातो. काका, जमलं तर फलकाचा एक फोटो काढून ठेवा, सोबत नेतो.

बाबांना आत्ताच भाईंदरला ताईकडे सोडून आलो. सकाळी तिथून दहा मिनिटांत पोचतील. हाताची उशी घाईत घरीच राहिली, ताईने दुलईची घडी करून दिलीय.